गूळ-पाण्यावरचे पाव्हणे

अक्का,

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत सुटलं ते सुटलंच, हे तुम्हाला नवं नाही. तुमच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहायची. साखर, गूळ, पेंडीचं पाणी. पहिली चिठ्ठी चिकटवली तेव्हा तुम्ही ती पाहून पेन उचललंत आणि परत खाली ठेवलंत. म्हणालात, "पाव्हण्यांना वाचता येत न्हाई, कौसा. मला कळलं म्हंजे झालं." हेही तसंच समजा. तुम्हाला कळलं म्हणजे झालं. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

उद्या बचत गटाची बैठक आहे आणि तुमच्या मशीनचा शेवटचा हप्ता आहे. पैसे रव्याच्या डब्यात काढून ठेवलेत. कमी पडत नाहीत, पण द्यावेसेही वाटत नाहीत. काहून ते सांगते. गटात हप्ता घेताना सुलोचनाबाई वहीत बघून मोठ्यानं म्हणतात, "कौसल्याबाई, अक्कांच्या मशीनचा हप्ता." तेवढंच एक वाक्य. पण महिन्यात तुमचं नाव दुसऱ्याच्या तोंडून तेवढ्याच वेळी ऐकू येतं. कॉलेजात तुमच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. शेजारी सुरुवातीला "अक्का असत्या तर" म्हणायचे, आता म्हणत नाहीत. घरात मी एकटी, आणि मी मोठ्यानं बोलायची नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या पैसे फिटले की सुलोचनाबाईंना तुमचं नाव घ्यायचं कारण उरणार नाही. म्हणून आज बसले आहे.

बायका म्हणतात, नवऱ्याच्या बहिणीसाठी कुणी एवढं करतं का. त्यांना काय सांगू? हे गेले तेव्हा औंढ्याच्या या दोन खोल्यांत आपण दोघीच उरलो. तुम्ही लग्न केलं नव्हतं, मला लेकरू नव्हतं. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, जा माहेरी. तुम्ही दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन म्हणालात, "चल, सिद्धेश्वरला जायचं हाय. माती आणायची." मी म्हटलं, कसली माती? "बगळे बसतात त्या झाडाखालची."

सिद्धेश्वर धरणाच्या काठाला ती बाभळीची झाडं आहेत ना, वरून खाली पांढरी झालेली. त्यांच्याखाली तुम्ही चमच्यानं माती उकरत होतात, वर बगळे कलकलत होते, आणि मी पदर नाकाला लावून लांब उभी होते. जाळं झटकणारा एक भोई थांबून बघत राहिला. म्हणाला, "बाई, सोनं पुरलं का काय हितं?" तुम्ही म्हणालात, "सोनं न्हाई वो दादा, बारीक जनावर हाय. पकडून नेऊन राहिले." तो म्हणाला, "चावतंय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई, दूध देतंय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कपाळाजवळ बोट फिरवलं. परत येताना जीपमध्ये मी पहिल्यांदा हसले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

ती घाण मी स्वयंपाकघरात येऊ देणार नाही म्हणाले होते. आठ दिवस आपलं त्यावरून चाललं. शेवटी खिडकीखालची फळी तुम्हाला मिळाली, आणि जुना कुकर. डाळीचा कुकर वेगळा, पाव्हण्यांचा कुकर वेगळा. बाटल्या आधी त्यात वाफवून घ्यायच्या, म्हणजे दुसरं कोणी आगंतुक आत शिरत नाही. लोणच्याची मोठी काचेची बरणीही तुम्ही नेलीत. तिच्यात वासाचं औषध ओतून कागद टांगायला लागलात. ती बरणी मी नंतर चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात ठेवली. त्या वर्षीचं लोणचं आपण टाकून दिलं. त्यावर मी चार दिवस बोलले नव्हते. तुम्ही नवी बरणी आणून ओट्यावर ठेवलीत. 

पाव्हणे हे नावही तुमच्या चुकीतूनच पडलं. आपल्याकडं पाव्हणा आला की आधी गूळ-पाणी. तुम्ही मातीतून वेगळे केलेले ते जंतू बाटलीत सोडलेत तेव्हा म्हणालात, "आता ह्यांनला गूळ-पाणी दे, कौसा." मी गूळ किसून दिला. सोयाबीनच्या पेंडीचं उकळलेलं पाणी, चिमूटभर खत, आंबट होऊ नये म्हणून खडूची पूड. दुसऱ्या दिवशी बाटली ताकासारखी गढूळ. मी खूश, तुम्ही खूश. केवढं बाळसं धरून राहिले म्हटलं. पण तुम्हाला जे पाहिजे होतं ते पाण्यात उतरलेलंच नसायचं. तुम्ही कागदावर थेंब सोडून, तो बरणीत टांगून, वर औषध फवारून इस्त्रीनं शेकायच्या. जांभळा ठिपका उठला तर पाहिजे ते अमिनो आम्ल आहे, नाही उठला तर नाही. कागद कोराच निघायचा. असं वर्ष गेलं. गूळ बदलला, पेंड बदलली, खडू जास्त घातला, कमी घातला. पाव्हणे खाऊन-पिऊन तट्ट, आणि देणं काही नाही.

मग तुमचे नांदेडचे सर आले. त्यांनी बाटली नाकाशी धरली आणि विचारलं, "बाई, साखर कुठली?" तुम्ही म्हणालात, "गूळ." ते हसले. वाईट हसले नाहीत, पण तुमचे कान लाल झाले. गुळात एक जीवनसत्त्व आधीच भरपूर असतं म्हणाले. ते पोटभर मिळालं की हे जंतू वाढतात, आणि आपलं आपल्यातच ठेवतात. ते बेताचं मिळालं की त्यांची कातडी पातळ होते आणि आत साठलेलं बाहेर झिरपतं. सर गेल्यावर तुम्ही पाटावर बसलात. मग म्हणालात, "लाडानं वाया गेले गं आपले पाव्हणे."

दुसऱ्या दिवसापासून साधी साखर, आणि ते जीवनसत्त्व सुईच्या टोकावर बसेल एवढंच. आणि कागद जांभळा झाला. तुमच्या बोटांची टोकंसुद्धा.

आपला वाद तिथून सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून परत काढते. मी म्हटलं होतं, "उपाशी ठिवून घ्यायचं, हे काय देणं झालं व्हय? हे तर गळणं झालं." तुम्ही म्हणालात, "उपाशी कुठं हायत? साखर हाय, पेंड हाय, हवा हाय. पोट भरलंय. एकाच गोष्टीचा तोटा हाय." मी म्हटलं, "त्या एकाच गोष्टीसाठी झुरत असतील." तुम्ही म्हणालात, "जंतू झुरत न्हाईत, कौसा." मी म्हटलं, "तुमाला काय ठावं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. अन्न होतं, छप्पर होतं, तुम्ही होतात. मला कशाचा तोटा होता ते आपण दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "चहा ठिव."

मग तुम्ही बाटल्या न्यायच्या ती कॉलेजातली हलवायची मशीन बंद पडली. बाटल्या सारख्या हलत राहिल्या पाहिजेत, नाहीतर पाव्हण्यांना हवा पुरत नाही आणि ते भलतंच आंबट काही करून बसतात. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणाले. तुम्ही तासांवर शिकवायच्या, त्याचे पैसे कधी दिवाळीला, कधी होळीला. परभणीला कुणीतरी जुनी मशीन विकत होतं. बँक तुम्हाला दारात उभी करेना. मी गटात होते. मी गटात कधी तोंड उघडलं नव्हतं, बचत द्यायची आणि भिंतीला टेकून बसायचं. तुम्ही माझ्याबरोबर आलात.

सुलोचनाबाई म्हणाल्या, "मशीन? पिठाची का?"

"न्हाई. बाटल्या हलवायची."

सगळ्या बायका हसल्या. "अवो अक्का, हातानं हलवा की. त्याला कर्ज कशाला? कौसल्याबाई, शेळी घ्या शेळी. दूध तरी दील."

तुम्ही म्हणालात, "ही बी दूधच देणार हाय. शेळीला चारा लागतो, हिला लाईट."

"आन् लाईट गेल्यावर?"

तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "ही हाय की."

कर्ज माझ्या नावावर मिळालं. घरी येताना मी म्हटलं, घरातल्या घरात कसलं कर्ज, माझ्या नावावरचं ते माझंच. तुम्ही रस्त्यात थांबलात. "मशीन माझी, कर्ज माझं. ऱ्हायलं तर तुझ्या डोक्यावर ऱ्हाईल, ते मला चालणार न्हाई. शेवटचा रुपया फिटंपर्यंत वहीत माझंच नाव लिहायला सांग." म्हणून ते वाक्य तसं आहे, अक्का. तुम्हीच लिहायला लावलं होतं.

मशीन घरी फळीवर बसली, आणि लाईट जायचीच. तुम्ही कॉलेजात असायच्या, भरदुपारी घरघर बंद पडायची आणि घर एकदम मोकळं वाटायचं. मी हातातलं टाकून फळीपाशी बसायची. दोन्ही हातात दोन-दोन बाटल्या धरून गोल फिरवायची, बुडबुडे वर येतील इतकं. हात भरून यायचे. गप्प बसून हलवणं जमत नाही, म्हणून काहीबाही पुटपुटायची. एकदा तुम्ही लवकर आलात आणि दारातच उभ्या राहिलात. मला कळलं नव्हतं. मी अंगाईच म्हणत होते. तुम्ही चप्पल तिथंच सोडलीत, माझ्या हातातल्या दोन बाटल्या घेतल्यात आणि समोर बसलात. लाईट येईपर्यंत आपण दोघी हलवत बसलो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायच्या म्हटल्या तर ती पहिली.

त्याच आठवड्यात मी विचारलं होतं, इतका खटाटोप करून मिळतं काय? तुम्ही म्हणालात, चायनीजच्या गाडीवर ती पांढरी भुकटी टाकतात ना, त्यातलं हेच. मी म्हटलं, "अगं बाई! गाडीवाल्यासाठी मी हात मोडून राहिले?" तुम्ही पोट धरून हसलात. मग डोळे पुसून म्हणालात, टोमॅटोत असतं, डाळीत असतं, आणि सुटं-सुटं भरपूर कुठं असतं सांगू? आईच्या दुधात. लेकराच्या जिभेला पहिली चव लागते ती हीच. मी पोळ्या लाटत राहिले. तुम्ही उठून कणकेचा एक गोळा घेतलात आणि माझ्याशेजारी लाटायला बसलात. तुम्हाला पोळी गोल कधी जमली नाही. त्या दिवशीही नाही.

तो कागद अजून आहे माझ्याकडं. तुम्ही शेकायला दिला होता आणि मी तो उघड्या हातानं धरला. इस्त्री फिरवल्यावर गुळाच्या बाटलीचा ठिपका उठलाच नाही, साखरेच्या बाटलीचा फिकट उठला, आणि कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघान् रेघ, गडद जांभळा. मला वाटलं सगळं बिघडलं. तुम्ही कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितलात. "घाम हाय गं. घामात बी असतं ते." आणि म्हणालात, "सगळ्यात जास्त तूच देऊन राहिलीस की." टाकून द्यायच्या कागदांत तो तुम्ही टाकला नाहीत. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलात. रंग आता उडत चाललाय. ठिपका तर दिसतच नाही, अंगठा थोडा दिसतो.

गुळाचा नाद तुम्ही सोडला नव्हता. साखर महाग, गूळ आपल्या भागातला, असं कारण सांगायच्या. मला वाटतं त्या सरांच्या हसण्याचं तुम्हाला लागलं होतं. गुळातलं जीवनसत्त्व काढून टाकता येत नाही, मग वरून काहीतरी घालून कातडी सैल करायची. साबणासारखं एक तेल घालून पाहिलंत. मग पेनिसिलीनचा थेंब. लवकर घातला तर पाव्हणे मरायचे, उशिरा घातला तर त्यांना काही फरकच पडायचा नाही. त्या वेळेसाठी तुम्ही घड्याळ घेऊन बसायच्या. त्यावरही मी म्हटलं होतं, "आधी उपाशी ठिवलं, आता औषध पाजून घायाळ करा." तुम्ही चिडलात. "तुला भाकरीचं सांगते का मी?" मी म्हटलं, "सांगू नका, तुमाला येत न्हाई." त्यावर तुमचं हसू फुटलं आणि भांडण तिथंच मोडलं.

आणि एक दिवस गुळाच्या बाटलीचा ठिपका साखरेच्या बरोबरीनं उठला. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातात कागद देऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलात. सरांना फोन करा म्हटलं तर म्हणालात, "एकदा आलेलं खरं न्हाई. परत यायला पाहिजे. तिसऱ्यांदा आलं की सांगू." दुसऱ्यांदा आला, जरा फिका. तिसऱ्या बाटलीसाठी गूळ मी किसून ठेवला होता.

दवाखान्याचं मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की नांदेडला तुम्ही पलंगावर होतात आणि मी तुमची नखं बघत होते, बोटांच्या टोकांना थोडं जांभळं होतं. नर्स घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाली, रक्त पोचत नाही म्हणून. मला सांगायचं होतं की तो औषधाचा रंग आहे. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तुम्हीच डोळे न उघडता म्हणालात, "रंग हाय तो. कौसा, सांग की त्यांनला." तरी मला सांगता आलं नाही. तुमचं मला शेवटचं सांगणं हेच. सांग की त्यांनला.

तेराव्यानंतर सर आले. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागं तुमच्या पाव्हण्यांच्या नळ्या होत्या, त्या त्यांनी बर्फाच्या डब्यात ठेवल्या. नीट सांभाळतो म्हणाले. तुमचे कागदही मी त्यांना दिले, गूळ किसलेला होता ते मात्र सांगितलं नाही. तो मी मुंग्यांना टाकला. पाव्हणे आता नांदेडला आहेत. मशीन सरांनी मागितली नाही आणि मी देऊ केली नाही. कधी दुपारी बाटलीत नुसतं पाणी भरते आणि ती चालू करते. घरघर होत राहते. मग वाटतं, तुम्ही कॉलेजातून यायच्या आहात. लाईट गेली की बंद पडते, तेव्हा मी उठत नाही.

हे कालपर्यंतचं. आज बैठकीहून आले, राहिलेलं लिहून टाकते.

सुलोचनाबाईंनी वही उघडली. "कौसल्याबाई, अक्कांच्या मशीनचा हप्ता. शेवटचा." मी पैसे पुढं केले. त्या म्हणाल्या, "झालं मंग. पुढच्या बारीला ही ओळ काढून टाकते." मला वाटलं, हात मागं घ्यावा.

तेवढ्यात गटात नवीन आलेली एक सून, मला नाव माहीत नाही, शेजारणीला हळूच विचारू लागली, "कोण वो अक्का? कसली मशीन?" शेजारीण म्हणाली, "होत्या एक बाई. बाटल्यांनला झोका द्यायच्या." सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. पण माझे कान लाल झाले, अक्का, तुमचे झाले होते तसे.

मी म्हटलं, "झोका न्हाई. हवा."

सुलोचनाबाईंनी चष्म्यावरून बघितलं, की हे कोण बोललं. मी बसून घेतलं, आणि बसूनच बोलले. बगळ्यांची माती सांगितली. गूळ-पाणी सांगितलं, पाव्हणे कसे माजले आणि काही देईनात ते सांगितलं. त्यावर एक म्हणाली, "आमच्या जावयावानी!" आणि हशा पिकला, आणि मीही हसले. मग एकाच गोष्टीचा तोटा केला की आतलं बाहेर कसं येतं ते सांगितलं. तिसरी बाटली राहिली तेही सांगितलं. आईच्या दुधाचं सांगितलं तेव्हा त्या नव्या सुनेनं मांडीवरच्या लेकराच्या डोक्यावर पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "खरं व्हय?" मी म्हटलं, "आमच्या अक्का खोटं सांगत नव्हत्या."

चहा गार झाला. कुणी उठलं नाही. इतकं मी जन्मात बोलले नव्हते. तुम्ही असतात तर तुम्हीच बोलला असतात आणि मी भिंतीला टेकून ऐकलं असतं. आपला वाद मिटला नाही तो नाहीच. ते देणं होतं का गळणं, मला आजही सांगता यायचं नाही.

मग सुलोचनाबाईंनी थुंकी लावून नोटा मोजल्या, एकदा आणि परत एकदा. वहीत सही घेतली. ओळीवर रेघ मारायला पेन टेकवलं आणि थांबल्या. म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ देते. फुडं नुसतं फिटलं म्हणून लिहिते."

त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. अक्कांची मशीन. सगळे पैसे फिटले.